मत आणि तथ्य समोरासमोर येतात तेव्हा : घरातला वाद कसा हाताळावा

2013 च्या फेब्रुवारीत, जिल्ह्यातला दुष्काळ ऐन भरात असताना, मोहोळ तालुक्यातल्या आमच्या शेतात माझे सासरे तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाकडून विहिरीकडे सावकाश चालत येत होते. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. अण्णा पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. बाभळीच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर नारळ शेंडी वर करून उभा राहिला आणि गड्याने तिथे फक्की टाकली. मी तेव्हा सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. रिगवाल्यादेखत आणि गड्यादेखत मी म्हणाले, "अण्णा, याला शास्त्राचा काही आधार नाही." अण्णा काही बोलले नाहीत. बोअर मारली गेली, 300 फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला, आणि पुढचे दोन महिने अण्णांनी माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

माझे म्हणणे बरोबर होते, पण त्याचा उपयोग कोणालाच झाला नाही. पैसे गेले ते गेलेच. शिवाय चारचौघांत सुनेने बोलून दाखवल्यामुळे, कोरड्या बोअरचा विचार करण्याऐवजी आपला मान कसा राखायचा याचाच विचार अण्णांना करावा लागला. एखाद्याचे ठाम वैयक्तिक मत आणि पक्के ठरलेले वैज्ञानिक तथ्य यांत विरोध निर्माण झाला तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या प्रसंगी अजिबात वाट पाहू नये, हे मी त्यानंतरच्या वर्षांत शिकत गेले. त्यातले जे कामाला आले ते येथे मांडते.

आधी वाक्याची जात ओळखावी

वाद सुरू होताच पहिले काम हे की, ज्या वाक्यावरून वाद चालला आहे ते नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच खरी, मिक्सरमधली नव्हे, हे आवडीचे वाक्य आहे. त्याला पुरावा मागण्यात अर्थ नाही आणि ते खोडून काढण्यातही नाही. परंतु त्याच चटणीसाठी दाणे निवडताना कोणी म्हणाले की, बुरशी आलेले दाणे भाजले की निर्धोक होतात, तर ते आवडीचे वाक्य राहत नाही. ते जगाविषयीचे विधान आहे आणि ते चुकीचे आहे. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते, ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि भाजल्याने बुरशी मेली तरी हे विष उष्णतेला फारशी दाद देत नाही. 1960 मध्ये इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीचा माग काढतानाच हे विष उघडकीस आले. ते यकृताला घातक असून दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाला कारण होते. म्हणून सुरकुतलेले, काळपट-हिरवट, खवट दाणे परातीत पसरून, उजेडात धरून निवडून टाकावेत. "भाजल्यावर सगळं मरतं" या समजुतीवर ते कढईत ढकलू नयेत.

वाक्याची तिसरीही एक जात असते आणि घोटाळा बहुधा तिथे होतो. कर्ज काढून बोअर मारावी की त्या वर्षी ऊस सोडून द्यावा, हा निर्णय तथ्यांवर उभा असला तरी त्यात माणसाची ऐपत, धाडस आणि घराच्या गरजा यांचा वाटा असतो. तथ्य सांगणाऱ्याने तो निर्णयही आपल्याच हाती असल्यासारखे बोलू नये. मी तसे बोलत असे. अण्णांना नारळाइतकाच राग त्याचाही असावा, असे आता वाटते.

अनुभव मान्य करावा, त्याचा अर्थ तपासावा

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे," हे वाक्य आले की शिकलेली माणसे चटकन म्हणतात, तुमचा भ्रम असेल. हे अन्यायाचे आहे आणि बहुतेक वेळा खोटेही असते, कारण अनुभव खराच असतो. अण्णांचा नारळ खरोखर उभा राहत असे, मी तो दोन हातांच्या अंतरावरून पाहिला आहे. आमच्या शेतातल्या पहिल्या बोअरला त्यांनी दाखवलेल्या जागी अडीच इंची पाणी लागले होते, हेही खरे आहे. तपासायचे असते ते या दोन खऱ्या गोष्टींमध्ये आपण जोडलेले नाते.

नारळ का उभा राहतो, याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. 1852 मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मनात एखादी अपेक्षा असली तर हाताचे स्नायू आपल्या नकळत, अगदी सूक्ष्म प्रमाणात, त्या दिशेने हलतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेने फिरणाऱ्या मेजांचा प्रयोग केला. मेजाभोवती बसून त्यावर हात ठेवणाऱ्या माणसांना मेज आपोआप फिरते असे वाटे. फॅरेडेने हात आणि मेज यांच्यामध्ये सहज सरकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले, तेव्हा आधी हात सरकतो आणि मागून मेज, हे स्पष्ट दिसले. या प्रयोगातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, ती माणसे लबाड नव्हती. आपण मेज ढकलत नाही अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. तळहातावरचा आडवा नारळ तर फार नाजूक तोलावर असतो, तळव्याचा उतार किंचित बदलला की तो उभा होतो. अण्णांना हे सांगताना "तुम्ही हात हलवता" असे म्हणणे म्हणजे त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणे झाले असते. "कोणाचाही हात असाच हलतो, माझासुद्धा," हे म्हणणे खरेही होते आणि ऐकून घेण्याजोगेही होते. मी स्वतः नारळ हातावर घेऊन चालून पाहिले, आणि जिथे तो उभा राहावा असे मला वाटत होते तिथे तो उभा राहिला.

मग पाणी का लागले? सोलापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे सच्छिद्र मांजऱ्या तर कुठे घट्ट काळा पाषाण अशी थरांची रचना असते. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत व सांध्यांत. ओढ्याच्या जवळ, सखल रानात, चांगल्या पावसाच्या वर्षी बोअर मारली तर जागा कोणीही दाखवलेली असो, काही ना काही पाणी लागण्याचा संभव बराच असतो. शिवाय आयुष्य शेतात काढलेल्या माणसाची नजर उंबर कुठे हिरवा आहे, वारूळ कुठे आहे, उतार कुठे मिळतात, हे न्याहाळत असते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या दकार्गल अध्यायात झाडे आणि वारुळे यांवरूनच भूजलाच्या खुणा सांगितल्या आहेत. अण्णांच्या यशात त्यांच्या नजरेचा वाटा असेल, तर त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे. ते श्रेय नारळाने नेऊ नये.

आणि उरतो तो हिशेबाचा प्रश्न. आमच्या शेतात 2013 पर्यंत तीन बोअर झाल्या होत्या आणि तिन्हींची जागा अण्णांनीच दाखवली होती. पहिली लागली, पुढच्या दोन कोरड्या गेल्या. पण पारावर गोष्ट निघाली की नेहमी पहिलीचीच निघे. दुसऱ्या बोअरचे कारण "रिगवाल्याने जागा दोन हात सरकवली" असे होते, तिसरीचे कारण तर माझे त्या दिवसाचे अशुभ बोलणे होते. कोणतेही मत, मग ते औषधाचे असो, मुहूर्ताचे असो वा पावसाच्या अंदाजाचे असो, तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा: फसलेल्या वेळांची नोंद कुठे आहे? ती ठेवलेली नसेल तर यशाच्या गोष्टी कितीही असल्या तरी त्यांवरून काहीच ठरत नाही.

तथ्य किती पक्के आहे हे आपणही प्रामाणिकपणे सांगावे

"विज्ञान सांगते" एवढे म्हणून भागत नाही. कोणती गोष्ट पूर्ण ठरलेली आहे, कोणती भक्कम आहे पण मर्यादेसह, आणि कोणती अजून अभ्यासाखाली आहे, हा फरक आपण स्वतः सांगितला तर समोरच्याचा विश्वास वाढतो. तो लपवला तर एक दिवस उघडा पडतो आणि मग आपली पक्की तथ्येही संशयास्पद ठरतात.

याचे चांगले उदाहरण आपल्याच आकाशात घडले आहे. विमानाने पाऊस पाडता येतो, असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. तर काहीजण म्हणतात, ही निव्वळ धूळफेक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात ढगांवर प्रयोग केला. 276 ढग निवडण्यात आले, त्यांतल्या काहींत कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्यांतून कण सोडले (यालाच बीजारोपण म्हणतात), काही तसेच ठेवले आणि कोणत्या ढगात बीजारोपण करायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. निष्कर्ष असा की, योग्य प्रकारच्या ढगांत बीजारोपण केल्यास पाऊस सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. या एका वाक्यात दोन्ही बाजूंचे उत्तर आहे. ढग नसेल तर विमान पाऊस पाडू शकत नाही, आणि पावसाळी ढग असेल तर थोडी वाढ होऊ शकते. ज्याचे मत "काहीच होत नाही" असे होते आणि ज्याचे "हवा तेव्हा पाऊस" असे होते, त्या दोघांनाही थोडे सरकावे लागते.

"शास्त्रज्ञ तर आज एक सांगतात, उद्या दुसरे," हा आक्षेप सोलापुरात ऐकला की मला किल्लारीचा भूकंप आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गाव नुकतेच निजले होते. आमच्या घरातली मांडणीवरची भांडी खाली आली आणि आम्ही मुलांना उचलून रस्त्यावर धावलो. त्याआधी दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने अत्यंत स्थिर समजले जात असे आणि किल्लारीचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या, पट्ट्यात मोडत असे. तिथे हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. शास्त्रज्ञांनी आपला समज सोडला: 2002 च्या सुधारित नकाशात पहिला पट्टाच रद्द करण्यात आला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. हे मत बदलणे कोणाच्या लहरीने झाले नाही, ते नव्या पुराव्याने झाले, आणि कोणता पुरावा हे कोणालाही पाहता येते. त्याच दिवसांत "आज रात्री दोन वाजता पुन्हा मोठा धक्का आहे" अशा बातम्या गल्लोगल्ली फिरत होत्या, लोक आठवडेच्या आठवडे अंगणात झोपत होते. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत तेव्हाही कोणाकडे नव्हती आणि आजही नाही. त्या अफवांपैकी किती फसल्या, हे कोणी मोजले नाही.

उलट दिशेचेही एक उदाहरण जवळचे आहे. लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे प्रथम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे निरीक्षण होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या नोंदी ठेवल्या, त्या लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापल्या, इतर डॉक्टरांनी त्या पडताळल्या, आणि मग ते निरीक्षण उपचाराची रीत बनले. एकट्या माणसाचे म्हणणे तथ्य होऊ शकते, पण त्याला या वाटेने जावे लागते.

स्वतःचे मत आधी कसाला लावावे

दुसऱ्याचे मत तपासायला निघण्यापूर्वी स्वतःचे एखादे तपासून पाहावे, म्हणजे ते किती बोचते हे कळते. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे मी कितीतरी वर्षे वर्गात बोलून गेले. एका डिसेंबरात मधल्या सुट्टीनंतर एका मुलीने विचारले, "बाई, मग माझी सावली एवढी लांब का?" मी "थंडीत असंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते मला स्वस्थ बसू देईना.

हा प्रयोग कोणीही करावा असा आहे. गच्चीवर एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि सावलीचे टोक खडूने दर पाच मिनिटांनी टिपत जावे. सोलापूर 17.7 अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. डिसेंबरच्या 22 तारखेला सावली सर्वांत आखूड होते तेव्हाही ती सुमारे 87 सेंटीमीटर असते, कारण सूर्य डोक्यापासून 41 अंश दक्षिणेला कललेला असतो. 21 जूनला सूर्य उलट किंचित उत्तरेला असतो आणि तीच सावली दहा सेंटीमीटरची होऊन दक्षिणेकडे पडते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या 10-11 तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. तेव्हासुद्धा घड्याळात बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने मे महिन्यात सावली नाहीशी होते ती साधारण 12 वाजून 23 मिनिटांनी. त्या वर्षी मे महिन्यात काठीची सगळी सावली तिच्याच बुडाशी गोळा झालेली पाहिली, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्या मुलीच्या वर्गात जाऊन माझी चूक दुरुस्त करून सांगितली. मुलांनी मला कमी लेखले नाही. उलट त्या वर्षी त्यांनी जास्त प्रश्न विचारले.

स्वतःला विचारायचा प्रश्न असा: काय दिसले तर मी हे मत सोडून देईन? उत्तर "काहीही दिसले तरी नाही" असे येत असेल, तर त्या विषयावर वाद घालू नये, कारण तिथे पुराव्याला शिरायला वाटच ठेवलेली नाही. हाच प्रश्न समोरच्यालाही विचारावा, पण शांत वेळी आणि खरोखर उत्तर ऐकण्याच्या तयारीने.

कसोटी आधी ठरवावी, निकाल नंतर पाहावा

पाणी शोधणाऱ्यांची मोठी तपासणी म्युनिकमध्ये 1987-88 साली झाली होती. सुमारे 500 जणांतून निवडलेल्या 43 जणांना एका कोठाराच्या वरच्या मजल्यावर चालवले आणि खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सरकवला. एकूण 843 चाचण्या झाल्या. संयोजकांना त्यांतले थोडे लोक खरेच कुशल वाटले. परंतु जिम एन्राइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासून दाखवले की, निकाल अंदाजाने सांगण्यापेक्षा वेगळे नव्हते. आधी उत्तम ठरलेला माणूस पुढच्या फेरीत तसाच उत्तम राहत नव्हता.

हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ते जर्मनीचं झालं. आपल्या रानाचं काय?" त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही घरातच ठरवले, आणि ठरले ते वहीत लिहून दोघांनी खाली सही केली. अण्णांनी उघड्या डोळ्यांनी नारळ घेऊन चालायचे आणि जागा दाखवायची. मग डोळ्यांवर उपरणे बांधून, दोन-तीन गिरक्या देऊन, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाच वेळा चालायचे. पाचांपैकी तीन वेळा नारळ पहिल्या जागेच्या चार हातांच्या आत उभा राहिला तर पुढच्या बोअरचा खर्च माझ्या पगारातून होईल, नाहीतर जागा भूवैज्ञानिकाला विचारायची. अट आधी लिहिली नसती तर नंतर "आज अमावास्या जवळ होती" किंवा "उपरण्याने डोके दुखले" असे काही ना काही निघाले असते. तसे माझ्या बाजूनेही निघाले असते. मीही पाचांपैकी तीन लागल्यावर "योगायोग" म्हणून मोकळी झाले असते.

त्या सकाळी घरच्यांखेरीज कोणी नव्हते, हे मी मुद्दाम पाहिले होते. नातवाने प्रत्येक ठिकाणी फक्की टाकली. पाचवी फेरी संपल्यावर अण्णांनी उपरणे सोडले आणि पांढऱ्या खुणांकडे पाहत उभे राहिले. एक खूण पहिल्या जागेजवळ होती, चार रानभर विखुरलेल्या होत्या, त्यांतली एक तर जुन्या कोरड्या बोअरच्या तोंडाशी. मी काहीच बोलले नाही. अण्णांनी नारळ उचलून विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "त्या माणसाला बोलव."

भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक आले, विहिरीत उतरून थर पाहिले, शिवारातल्या इतर विहिरींची पातळी विचारली आणि सांगितले की, त्या वर्षी बोअर मारूच नये. ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत सोडण्याची सोय करावी. ती आम्ही केली.

बोलताना

वडीलधाऱ्यांशी एकट्याने बोलावे. लग्नघरी, पारावर किंवा जेवणाच्या पंगतीत असा विषय काढू नये. "शास्त्र असं म्हणतं" यापेक्षा "मला हे असं दिसलं, तुम्ही पाहता का?" असे म्हणावे. मुद्दा एकच घ्यावा. मी एकदा नारळ, मुहूर्त आणि ग्रहण एकाच संध्याकाळी काढले आणि अण्णा उठून गोठ्यात निघून गेले. आपल्याला उत्तर माहीत नसेल तर ते पाहून सांगण्यासाठी दुसऱ्या दिवसाची मुदत मागावी.

जिथे वाट पाहू नये

येथवर सांगितलेली सबुरी काही प्रसंगी गुन्हा ठरते. सर्पदंश हा त्यांतला पहिला. मांत्रिकाने उतरवलेले विष अनेकांनी पाहिलेले असते, आणि तो अनुभवही खराच असतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे मंत्राशिवायही वाचली असती. ज्यांच्या अंगात विष गेले त्यांची गोष्ट सांगायला बहुधा कोणी उरत नाही. मण्यार तर रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळपास नसते, खूणही धड दिसत नाही आणि काही तासांत पापण्या जड होऊन श्वास मंदावतो. सकाळी पोटदुखी म्हणून जे सांगितले जाते ते कधीकधी मण्यारीचे विष असते.

अशा वेळी घरात मतभेद असले तरी चर्चा करू नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवावा. घट्ट आवळू नये, कापू नये, तोंडाने चोखू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. घोणस किंवा फुरशाचे विष अंगात गेले आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात शिरले आहे. घरातल्या कोणाला मांत्रिकाकडे न्यायचेच असेल तर "आधी दवाखाना, अंगारा मागून" असे म्हणून गाडीत बसवावे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्या वेळी नव्हे तर आधीच गावात सांगून ठेवावे.

उन्हाचेही तसेच. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे मत सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत घरोघर ऐकू येते. कांदा खिशात असण्याने काही बिघडत नाही, बिघडते ते त्याच्या भरवशावर पाणी न घेता दुपारी रानात राहिल्याने. म्हणून कांद्यावर वाद न घालता दुसऱ्या खिशात पाण्याची बाटली द्यावी. माणूस बरळू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखान्यात न्यावे, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

वही

आमच्या घरात ती सहीची वही अजून चालू आहे. तिच्यात चार रकाने आहेत: काय होईल असे म्हटले, कोणी म्हटले, कोणत्या तारखेपर्यंत, आणि प्रत्यक्षात काय झाले. चौथा रकाना पहिले तीन भरून झाल्यावर, ठरलेल्या तारखेलाच भरायचा, आणि फसलेले भाकीत खोडायचे नाही. पावसाचे अंदाज, कांद्याचे भाव, गुडघेदुखीवरचे काढे, माझे आणि अण्णांचे, सगळे तिच्यात आहे. 2019 साली आम्ही चौथी बोअर मारली तेव्हा जागा भूवैज्ञानिकांनी विद्युत चाचणी करून दाखवली. दीड इंची पाणी लागले. तो आकडा अण्णांनी स्वतः चौथ्या रकान्यात लिहिला. रिग सुरू होण्यापूर्वी त्यांनी नारळ आणला होता. तो तळहातावर न ठेवता त्यांनी यंत्रापुढे फोडला आणि खोबरे सगळ्यांना वाटले.